तिथी बघून निघ

टिळकवाडी, बेळगाव
कार्तिक शुद्ध सप्तमी

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा आलीस, चहा गार होईपर्यंत बोललीस आणि जाताना उंबऱ्यात थांबून विचारलंस, "सर, खानापूरच्या पोरीनं समुद्राचा अभ्यास करायचा म्हणजे वेडेपणाच की नाही?" मी हसलो. हसायला नको होतं. तुझा चेहरा पडलेला मी पाहिला, म्हणून हे पत्र.

तू हुशार आहेस, मन लावलंस तर जमेल वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला माहीत आहे आणि त्यानं काही होत नाही. घरचे बी.एड. म्हणतात, मामा के.ए.एस.ची, म्हणजे कर्नाटक प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची, पुस्तकं आणून देतो, आणि तू रात्री मोबाईलवर देवमासे बघतेस. माझं म्हणणं एवढंच आहे: तिथी बघ आणि ओहोटीला खडकावर हजर राहा. बाकीचं मग बोलू.

पण आधी ते 'खानापूरची पोर' डोक्यातून काढ. तुझ्याच तालुक्यात देगावच्या रानात म्हादई उगम पावते आणि मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रात उतरते. त्याच तालुक्यात कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा निघते आणि पूर्वेला कृष्णेत मिसळून बंगालच्या उपसागरात जाते. तुमच्या घाटावरचा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो, आणि ते समुद्र एकमेकांसारखे नाहीत. अरबी समुद्रात वाफ जास्त होते, नद्यांचं पाणी कमी येतं, म्हणून वरचं पाणी खारट. किलोला 36 ग्रॅमच्या आसपास मीठ. उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा ओततात, उत्तरेकडं तो आकडा 33 च्याही खाली जातो. गोडं पाणी हलकं. ते झाकणासारखं वर बसतं आणि तळाकडचं खत वर यायला अडतं. आपल्या बाजूला उलट आहे. पावसाळ्यातल्या वाऱ्यांमुळं केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत खालचं थंड पाणी वर येतं, त्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती फोफावतात, आणि त्यांच्यावर तारली आणि बांगडा. पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रात होतं ते या बारक्या जिवांमुळं, झाडांमुळं नव्हे. पण वर येणाऱ्या त्याच पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत असा श्वास कोंडणारा पट्टाच आहे. देणारं पाणी आणि गुदमरवणारं पाणी एकच! मला तीस वर्षं शिकवून झाली तरी ही गोष्ट सांगताना अजून अंगावर काटा येतो.

यातलं थोडं बेळगावात बसूनही दिसतं. कॅम्पातल्या मासळी बाजारातून एक बांगडा आण. तुमच्या घरी चालत नाही हे ठाऊक आहे. माझ्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बघ. तोंड उघडलंस की आत कल्ल्यांच्या कमानीवर पिसांसारखे लांब काटे दिसतील. ती गाळणी. पाणी जातं, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारके जीव अडकतात. मग सुरमईचं तोंड बघ. तिथं धारदार दात, गाळणी नावापुरती. कोण काय खातो हे जबडाच सांगून टाकतो, पुस्तक लागत नाही. पण बाजारातला मासा कुठून आला, कुठल्या पाण्यातून निघाला, शेजारी कोण होतं, हे काही सांगत नाही. त्यासाठी खडकावरच जावं लागतं.

आता माझं ऐक. कारवारला एम.एस्सी. झालो तेव्हा एका प्रकल्पावर दोन वर्षांसाठी मला बोलावणं आलं होतं. मी गेलो नाही. निपाणीला वडिलांची तंबाखूची शेती, कर्ज, धाकट्या बहिणी, हे कारण मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. आमच्या हिलाही. खरं कारण वेगळं होतं. बोटीवर मला उलट्या व्हायच्या. पहिल्या फेरीत सहा तास मी बोटीच्या कडेला ओणवा होतो आणि खलाशी हसत होते. समुद्राचं शास्त्र म्हणजे बोट, असं मला वाटायचं. किनाऱ्यावर पाय रोवूनही हे करता येतं, असं कुणी सांगितलं नाही, आणि मी कुणाला विचारलंही नाही. म्हणून "मला पोहता येत नाही" असं तू म्हणालीस तेव्हा मी चिडलो. तुझ्यावर नव्हे गं, त्या पोरावर.

मग इथं नोकरी लागली आणि दरवर्षी वेंगुर्ल्याला सहल. पहिल्या वर्षी बेचाळीस मुलं, आंबोलीमार्गे भाड्याची गाडी, बंदरावर पोचलो दुपारी बाराला. पौर्णिमा होती. उधाणाची भरती तुडुंब, एकही खडक उघडा नाही. मुलांनी पाणी बघितलं, भेळ खाल्ली, परत आली. मी अहवालात लिहिलं: 'विद्यार्थ्यांनी खडकाळ किनाऱ्यावरील प्राणिजीवनाचे निरीक्षण केले.' त्याखाली सही माझी. अशा अकरा सहली झाल्या. गाडी मिळेल त्या दिवशी, सुट्टी असेल त्या दिवशी. अकरांत ओहोटी सापडली एकदा, तीही चुकून. ती मुलं आता शिक्षक आहेत, आणि त्यांची मुलंही बाराला पोचत असतील.

आणि हिशेब किती सोपा आहे बघ. कोकणातला कुठलाही म्हातारा सांगेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. रोज पन्नास मिनिटं उशीर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर पाणी दोनेक मीटर वरखाली होतं. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा जेमतेम मीटरभर. म्हणजे उधाणाला मोठी ओहोटी पहाटे आणि सांजेला. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. नेमकं हवं तर सर्व्हे ऑफ इंडियाचा भरती-ओहोटीचा तक्ता बघ. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी तरी बघ की! उपास त्यावरून धरतो, ओहोटी धरायला काय होतं?

खडकावर काय बघायचं? वरच्या टोकाला, जिथं फक्त तुषार पोचतात, तिथं मिरीएवढ्या गोगलगायी फटीत दाटीवाटीनं बसलेल्या. त्याखाली बार्नेकलचा, म्हणजे दगडाला चिकटलेल्या बारक्या कवचवाल्या प्राण्यांचा, पांढरा खरखरीत पट्टा, मग कालवं, त्याखाली शिनाणे, म्हणजे खडकाला धरून राहणारे काळपट शिंपले, आणि शेवाळ, आणि अगदी तळाशी, वर्षातून मोजक्या वेळा उघड्या पडणाऱ्या जागी, समुद्रफुलं. ढोबळ नियम असा की वरची हद्द ऊन ठरवतं आणि खालची हद्द शेजारी ठरवतात; कोण कुणाला खातं, कोण कुणाची जागा बळकावतं. एखाद्या डबक्यातल्या बार्नेकलवर भिंग धर आणि हलू नकोस. दोन मिनिटांनी झाकण उघडेल आणि आतून पापण्यांसारखे पाय बाहेर येऊन पाणी ओढतील, आत जातील, पुन्हा येतील. डोकं दगडाला चिकटवून पायांनी जेवणारा हा खेकड्याचा भाऊबंद. डार्विननं 1846 ते 1854 अशी आठ वर्षं याच्यापायी घालवली.

आणि अमेरिकेतल्या रॉबर्ट पेनचं सांगतो. वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिकच्या किनाऱ्यावर त्यानं खडकाच्या एका तुकड्यावरचे तारामासे उपटून समुद्रात फेकायला सुरुवात केली. पुन्हा आले की पुन्हा फेकायचे. शिनाण्यांना खाणारं कुणी उरलं नाही, त्यांनी सगळी जागा व्यापली आणि 15 जातींच्या 8 झाल्या. हे 1966 मध्ये छापून आलं आणि परिसंस्थेकडं बघायची नजर बदलली. बोटही नाही, पाणबुडीही नाही. तोच खडक आणि न चुकवलेल्या ओहोट्या.

बारावी सहल मी रद्द केली आणि एकटा जायला लागलो. आमच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मी वेंगुर्ल्यात गुडघाभर पाण्यात होतो. घरात तो विषय अजून निघतो. चूक माझीच. पण त्या पौर्णिमेला पाणी इतकं मागं गेलं होतं की जो कोनाडा मी सहा वर्षांत पाहिला नव्हता तो उघडा पडला. पाहुणे दुसऱ्यांदाही आले असते. (आले. लग्नही झालं.) मी बाजू मांडतोय असं तुला वाटेल. मांडतोयच. तुलाही हा प्रश्न कधीतरी घरी ऐकावा लागणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पुढं कारवारला सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे, गोव्यात दोना पावलाला 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. अर्ज-प्रवेश परीक्षा यथावकाश. मराठी शाळेतली आहेस म्हणून घाबरू नकोस. कारवारला कोकणी कानावर पडली की तासाभरात घरच्यासारखं वाटेल.

येत्या आठवड्यात त्रिपुरी पौर्णिमा आहे. आदल्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं निघू, मुक्काम हिच्या बहिणीकडं. हीसुद्धा येते आहे, तुझ्या आईला तसं कळव. जुने, घट्ट बसणारे बूट आण. चपला घालून आलीस तर मी खडकावर उतरू देणार नाही. दगड उलटलास तर होता तसा परत ठेवायचा, आणि शंखाला हात लावायचा नाही, 'कोन' नावाच्या जातीसारखे काही शंख विषारी डंख मारतात. पेन्सिल आण, पेनाची शाई खाऱ्या पाण्यात उतरते. वहीच्या पहिल्या ओळीत तिथी, ओहोटीची वेळ आणि तू पोचलीस ती वेळ लिहायची. माझ्या पहिल्या चार वह्यांत ती ओळ नाही. त्या कपाटात आहेत, कुणाच्या काही कामाच्या नाहीत.

पहाटे साडेचारला उठवीन.

तुझे,
सर