अमेरिकेत छोट्या ऊर्जा-कंपन्यांना अनुदानाऐवजी व्हाउचर का देतात, आणि त्याचा उपयोग होतो का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: अमेरिकी सरकार नवं ऊर्जा-तंत्रज्ञान बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना सरळ पैसे द्यायचं सोडून व्हाउचर का देतं, त्यातून वस्तू खरंच बाजारात येते का, आणि महाराष्ट्रात असं काही आहे का. मी ओहायोतल्या एका छोट्या कंपनीत हीट पंपांसाठी, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर गरम करणाऱ्या यंत्रांसाठी, हीट एक्स्चेंजर (उष्णता एका प्रवाहातून दुसऱ्यात पोहोचवणारा भाग) बनवण्याचं काम करतो. अशा एका व्हाउचरचं काम आमच्या बाजूने मी सांभाळलं होतं, म्हणून लिहितो.

व्हाउचर मिळालं म्हणजे कंपनीच्या खात्यात पैसे जमा झाले असं नसतं. रक्कम थेट सरकारी प्रयोगशाळेकडे जाते आणि कंपनीला मिळतो तिथल्या शास्त्रज्ञांचा आणि यंत्रांचा वेळ. त्यातून पगार भागवता येत नाहीत, कच्चा माल घेता येत नाही. हे ऐकून बरेच जण नाराज होतात, पण माझ्या मते योजनेचं सगळं बळ याच अटीत आहे.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या 17 राष्ट्रीय प्रयोगशाळा आहेत. कोलोराडोत पवनचक्कीचा गिअरबॉक्स आणि जनित्र, पाती न लावता, 5 मेगावॉट क्षमतेच्या चाचणी-यंत्रावर फिरवून बघता येतात. टेनेसीतल्या ओक रिजमध्ये न्यूट्रॉनचा झोत सोडून, बॅटरी चालू असतानाच तिच्या आत काय घडतंय ते पाहता येतं. अशी साधनं कुठलीही छोटी कंपनी उभी करू शकणार नाही. ती जनतेच्या पैशातून उभी राहिलेली आहेत आणि 1980 च्या दशकातल्या कायद्यांनी खासगी कंपन्यांना त्यांचं दारही उघडलं. अडचण दारापर्यंत पोहोचण्याची होती. कामाचा पूर्ण खर्च भरायचा, तोही आगाऊ. करार महिनोन्‌महिने वकिलांकडे पडून राहणार. आणि 17 प्रयोगशाळांतल्या हजारो माणसांपैकी आपल्या कामाचं माणूस नेमकं कुठे बसतं हे शोधणार कोण? मोठ्या कंपनीत यासाठी वेगळा विभाग असतो. छोट्या कंपनीत अभियंता, विक्रेता आणि हिशेबनीस ही बहुधा एकच व्यक्ती असते.

2015 मध्ये ऊर्जा खात्याने 2 कोटी डॉलरची ‘स्मॉल बिझनेस व्हाउचर्स’ ही प्रायोगिक योजना आणली ती यासाठीच. एका कंपनीला 50 हजार ते 3 लाख डॉलरपर्यंतचं काम करून मिळायचं. कंपनीने 20 टक्के वाटा उचलायचा, आणि तो आपल्या माणसांच्या वेळेच्या रूपात दिला तरी चालायचा. अर्ज एकाच ठिकाणी करायचा, योग्य शास्त्रज्ञ योजनेनेच शोधून द्यायचा. पहिल्या फेरीत, 2016 मध्ये, 33 कंपन्या निवडल्या गेल्या. अशा सहकार्याच्या करारात निघालेली माहिती कायद्याने 5 वर्षांपर्यंत गोपनीय ठेवता येते. आपली कल्पना सरकारी अहवालातून बाहेर फुटेल ही धास्ती त्यामुळे बरीच कमी होते.

आता मिळतं काय? शेतकऱ्याने घरच्या काट्यावर माल कितीही चोख मोजला तरी व्यापारी बाजार समितीच्या काट्यावरचंच वजन धरतो. आमचंही तसंच होतं. उष्णता किती वाहून नेली जाते याचे आकडे आमच्याकडे होते, पण प्रत्येक ग्राहकाचा पहिला प्रश्न ‘हे मोजलं कुणी?’ हाच असायचा. प्रयोगशाळेने नियंत्रित खोलीत, शून्याखालच्या तापमानात, पृष्ठभागावर बर्फ धरत असताना मोजमाप केलं आणि प्रत्येक आकड्यासोबत त्यातली अनिश्चितता लिहून दिली. समोरच्या कंपनीच्या अभियंत्यांनी अहवालात सगळ्यात आधी तो अनिश्चिततेचा रकानाच वाचला. त्यानंतर बोलणी किमतीवर आली.

अणुऊर्जेतलं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. त्या क्षेत्रासाठी ‘गेन’ नावाची वेगळी व्हाउचर योजना आहे आणि तिची सूत्रं आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे आहेत. 2016 मधल्या तिच्या पहिल्या फेरीत ‘ट्रान्सअॅटॉमिक पॉवर’ ही कंपनी होती. वितळलेल्या क्षारांवर चालणारी आपली अणुभट्टी तेवढ्याच युरेनियममधून नेहमीच्या अणुभट्टीच्या 75 पट वीज काढेल, असा तिचा मूळ दावा होता. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी तो तपासल्यावर कंपनीने तो मागे घेतला आणि ‘दुपटीहून जास्त’ असा सुधारला. व्हाउचरवर ओक रिजच्या तज्ज्ञांनी सुधारित आराखड्याची गणितं केली, आणि दुपटीची गोष्ट त्यांत टिकली. तरीही 2018 मध्ये कंपनी बंद झाली. जाताना तिने आपले आराखडे सर्वांसाठी खुले केले. वस्तू बाजारात आली नाही म्हणून हे व्हाउचर वाया गेलं असं मी मानत नाही. पुढे त्याच वाटेने जाणाऱ्यांना भरवशाचा, तपासलेला आकडा मिळाला.

‘उपयोग होतो का’ याचा मला माहीत असलेला सर्वात स्वच्छ पुरावा ऊर्जेपुरता मर्यादित नाही, आणि तो नेदरलँड्सचा आहे. 2004 मध्ये तिथे 7,500 युरोच्या 100 व्हाउचरसाठी 1,044 अर्ज आले आणि सरकारने चक्क सोडत काढली. त्यामुळे चिठ्ठी निघालेल्या आणि न निघालेल्या कंपन्यांची सरळ तुलना करता आली. दर 10 व्हाउचरमागे 8 कामं अशी निघाली जी एरवी संशोधन संस्थेकडे गेलीच नसती. मात्र यातून एवढंच कळतं की छोट्या कंपन्या संस्थांच्या दारात पोहोचल्या. माल विकला गेला का, हा त्यापुढचा प्रश्न.

त्या पुढच्या टप्प्यात व्हाउचर तोकडं पडतं, हे मान्य करायलाच हवं. उत्तम अहवाल हातात असूनही पहिला कारखाना उभारायला पैसा नाही, म्हणून थांबलेल्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. 2023 मध्ये ऊर्जा खात्याने 2 कोटी 75 लाख डॉलरची नवी व्हाउचर योजना जाहीर केली. तिच्यात चाचणीबरोबर प्रमाणपत्रं, प्रकल्पाच्या जागेचे परवाने आणि बाजाराचा अभ्यास यांसाठीही मदत धरली होती. मला ही दिशा योग्य वाटते, कारण चांगलं यंत्र परवान्यावाचून अडून राहणं ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे.

महाराष्ट्राचं म्हणाल तर राज्य नावीन्यता सोसायटी स्टार्टअपना गुणवत्ता चाचणी आणि प्रमाणपत्राच्या खर्चासाठी साहाय्य देते. पण ते प्रतिपूर्तीच्या स्वरूपात मिळतं, म्हणजे आधी खिशातून खर्च करायचा आणि मग बिलं सादर करायची. 2022 मधल्या ई-स्कूटरच्या आगींनंतर बॅटरी-पॅकसाठी एआयएस-156 हे मानक कडक झालं, आणि त्यातल्या काही चाचण्यांत पॅकच नष्ट होतात. म्हणजे चाचणीचं शुल्क गेलं, पॅकही गेले, आणि परतावा येईपर्यंत खेळतं भांडवल अडकून पडलं. पुण्यात वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आहे, आणि असे बॅटरी-पॅक बनवू पाहणारी तरुण मंडळीही त्याच शहरात आहेत. या संस्थांना सरकारने थेट पैसे द्यावेत आणि कंपनीने फक्त आपला नमुना आणि आपला प्रश्न घेऊन जावं, अशी योजना निघावी असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही स्वतः कुठे अर्ज करणार असाल तर ‘आमचं तंत्रज्ञान तपासून द्या’ असं मोघम लिहू नका. ‘उणे 10 अंशांना, 1,000 तास चालल्यावर कार्यक्षमता किती घटते’ असा, ज्याचं उत्तर आकड्यातच येईल असा प्रश्न लिहा. आणि तो लिहिण्याआधी तुमच्या होणाऱ्या ग्राहकाला विचारा, त्याला कोणता आकडा हवा आहे.