फ्रेम हलवू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

हर्णै बंदरातल्या मासळी लिलावाची तुझी ड्रोनची क्लिप आणि सोबतचा टास्क मॅनेजरचा फोटो पाहिला. सीपीयू ३० टक्के, ग्राफिक्स कार्ड २० टक्के, तरीही तुझ्या व्हिडिओ-प्रोग्रॅममध्ये फोर-के चित्र अडखळते; म्हणून नवे कार्ड घ्यावे की सारा कोड पुन्हा लिहावा, असे तू विचारतोस. दोन्ही नको. फ्रेम हलवू नकोस.

तुझ्याच क्लिपमध्ये होड्या पाण्यात उभ्या आहेत, वाळूवर व्यापारी ताटकळले आहेत आणि मधल्या उथळ पाण्यातून बैलगाडी मासळी आणते आहे. तुझ्या कोडमध्ये नेमके हेच चालले आहे. कार्डावरील डीकोडर, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणारा भाग, फ्रेम (व्हिडिओतले एकेक चित्र) कार्डाच्या स्वतःच्या ग्राफिक्स मेमरीतच उतरवतो. एनव्ही१२ या रंगांची माहिती कमी ठेवणाऱ्या स्वरूपात ती जेमतेम १२.४ एमबीची असते. तू तिला आरजीबीए, म्हणजे प्रत्येक बिंदूला चार बाइट, करून ३३ एमबीपर्यंत फुगवतोस, मुख्य मेमरीत ओढतोस, क्षितिज सरळ करतोस आणि पुन्हा कार्डाकडे धाडतोस. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एकीच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात सीपीयू कार्डाची व कार्ड सीपीयूची वाट पाहत बसते. कमी दिसणारे टक्के त्याचेच आहेत.

माझी तीन वर्षे यातच गेली. सात फिल्टर, प्रत्येकाचा स्वतंत्र बफर, म्हणजे मेमरीतली राखीव जागा. प्रत्येकाने ३३ एमबी वाचायचे आणि तेवढेच लिहायचे, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ जीबी. माझ्या यंत्रातील दोन-चॅनल डीडीआर३-१६०० मेमरीची कागदोपत्री मर्यादाच सेकंदाला २५.६ जीबी होती. हा गुणाकार पाच मिनिटांचा होता. मी मात्र एकेका फिल्टरचा एसआयएमडी कोड (एका सूचनेत अनेक आकडे हाताळणारा) घासत बसलो आणि ग्राहक निघून गेला. माझी रचना सुटसुटीत होती, हे मी आजही ठामपणे म्हणेन. फिल्टर कोडमध्ये वेगळेच असावेत. चालताना मात्र ते एकाच शेडरमध्ये, म्हणजे कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, गुंफले जावेत. हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही.

तेव्हा डीकोडरने दिलेला सरफेस, म्हणजे ग्राफिक्स मेमरीतली ती फ्रेम, तसाच शेडरला दे, रंगरूपांतर आणि क्षितिजाची दुरुस्ती एकाच पासमध्ये, म्हणजे एकाच फेरीत, उरक आणि निकाल थेट व्हिडिओ पुन्हा दाबणाऱ्या, कार्डावरच्याच एन्कोडरकडे सोपव. डीकोडर, शेडर आणि एन्कोडर हे कार्डाचे वेगवेगळे भाग आहेत. मध्ये चार-पाच फ्रेमची रांग ठेवलीस, तर तिघेही एकाच वेळी राबतील. सीपीयूवरचे तुझे गणित चांगले आहे, हे मला पुन्हा ऐकवू नकोस. ते गणित फ्रेमपाशी ने.

पुढच्या पत्रात कार्डांच्या किमती नकोत. एक फ्रेम किती वेळा कॉपी होते, तेवढा आकडा कळव. गणपतीला गावी येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये, उरलेल्या कॉपी आपण दोघे बसून शोधू.