आबांची बंदूक आता कोणाच्या नावावर?

प्रश्न : वकीलसाहेब, आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. केळी आणि मका, म्हणजे रानडुकरांचा त्रास आलाच. आबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची बंदूक होती, ते दिवाळीनंतर वारले. आता भाऊ म्हणतो परवाना माझ्या नावावर करतो, तुम्ही बहिणी ना-हरकतवर सह्या करा. पण तो पिऊन आला की वहिनीला मारतो, मागे एकदा तर बंदूक काढून खाटेवर ठेवली आणि तिच्यासमोर नुसता बसून राहिला, बोलला काहीच नाही. केस कधी झालेली नाही. त्याचं म्हणणं, गुन्हा नाही तर कायदा मला अडवूच शकत नाही, आणि नाहीच जमलं तर पोराच्या नावावर घेऊ (पोरगा १९ चा). सही नाही केली तर माहेर तुटेल. काय करू?
– एक बहीण

उत्तर : ताई, सही करू नका.

भाऊ म्हणतो ते अर्धंच खरं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ९ सरळ बंदी घालतं ती अशी : वय २१ च्या आत असेल तर (म्हणजे पोराचा विषय इथंच संपला), हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली असेल तर ती भोगून झाल्यावर पुढची ५ वर्षं, आणि चॅप्टर केसमध्ये (शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई) चांगल्या वागणुकीचा बॉन्ड म्हणजे हमीपत्र लिहून दिलं असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत. यात बायकोला मारणारा असा वेगळा शब्द कुठं नाही. अमेरिकेत बंदुका किती सैल आहेत ते आपण बातम्यांत बघतो, पण तिथंसुद्धा १९९६ पासून घरातल्या मारहाणीत दोषी ठरलेल्याला, गुन्हा किरकोळ असला तरी, बंदूक ठेवता येत नाही. आपल्याकडं हे कायद्यात स्पष्ट लिहायला हवं असं माझं मत आहे, कारण घरातली मारहाण शिक्षेपर्यंत जातेच कुठं, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली तरी खूप, नाहीतर जातपंच आणि मामालोक बसून मिटवून टाकतात.

पण भाऊ कलम १४ विसरतो. अर्जदार कुठल्याही कारणानं अयोग्य वाटला किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी गरज वाटली तर जिल्हाधिकारी परवाना नाकारू शकतात, त्याला शिक्षा झालेली असावी लागत नाही. आणि ते ठरतं पोलीस स्टेशनच्या रिपोर्टवर. चौकशीला आलेला हवालदार शेजारीपाजारी विचारतो, सगळे म्हणतात माणूस चांगलाय, आणि कागद पुढं सरकतो. तिथं कोणीतरी खाटेवरची बंदूक सांगायला पाहिजे ना! वहिनी तयार असेल तर तिनं, नाहीतर तुम्ही, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तुमचं नाव झाकून राहील अशी हमी मी देत नाही. वारसाला परवाना देताना बाकीच्या वारसांची ना-हरकत मागतात, म्हणून तुमच्या सहीला वजन आहे.

डुकरांचं कारण पुढं करेल तर सांगा, परवाना असला तरी रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. आणि रागाच्या भरात चोपडा तालुक्याकडून गावठी कट्टा (बेकायदा पिस्तूल) आणायची भाषा केली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी २ वर्षं कैद आहे हेही कानावर घाला.

सगळ्यात आधी ती बंदूक घरातून हलवा. परवानाधारक गेल्यावर ती घरात ठेवणंच बेकायदेशीर आहे, काडतुसांसकट पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायची. पावती मात्र तुमच्याकडं ठेवा, भावाकडं नको.