कापडावरचा कोटा २००५ ला उठला म्हणतात, मग चीनच्या मालावर परत बंधनं कशी काय आली?

भावा, कोटा उठला हे खरंच, १९७४ पासनं चालत आलेली कोटा सिस्टीम, म्हणजे कुठल्या देशातनं किती कापड घ्यायचं याची मर्यादा, ३१ डिसेंबर २००४ ला संपली. पण चीननं २००१ ला डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) शिरताना एक अट मान्य केलेली, कापडाचा लोंढा आला तर २००८ पर्यंत समोरचा देश ब्रेक लावू शकतो. मग काय, जून २००५ ला युरोपनं शांघायमध्ये बसून १० प्रकारच्या मालावर लिमिट घातली, आणि गंमत बघ, ऑर्डरी आधीच गेलेल्या, त्यामुळं स्वेटर, पँटा बंदरातच अडकल्या, परत चर्चा! अमेरिकेनं नोव्हेंबरात तसाच करार केला.

आपल्या इचलकरंजीत यंत्रमागवाला बहुतेक ग्रे कापड (म्हणजे रंग-धुलाई न झालेलं कोरं कापड) विणून व्यापाऱ्याला देतो, त्यामुळं तिकडं चीनला ब्रेक लागला म्हणून हितं लगेच पैसा येईल असं नव्हतंच.