नागपुरात दीड वर्षाच्या मुलीला घेऊन जेवायला कुठं जावं?

तुम्ही विचारलंय की मुलगी दीड वर्षाची आहे, नागपुरात नुकतेच राहायला आलात आणि ‘किड्स फ्रेंडली’ म्हणवणाऱ्या हॉटेलांतूनही अर्धवट जेवून उठावं लागतं. तर निवडताना नेमकं बघायचं काय?

पाटी आणि प्ले एरिया दोन्ही बाजूला ठेवा. या वयात चालणारं हॉटेल म्हणजे ऑर्डर दिल्यापासून १०-१२ मिनिटांत मऊ, बिनतिखट काहीतरी टेबलावर आणून ठेवणारं हॉटेल. दीड वर्षाचं लेकरू एका जागी अर्धा तास टिकतं, फार तर पाऊण. त्यातली २० मिनिटं रिकाम्या ताटासमोर गेली की पुढं कुणाचंच जेवण होत नाही. म्हणून मी आधी किचनचा विचार करतो, मग खुर्चीचा. खेळायची जागा सगळ्यात शेवटी.

किचनचं असं आहे. बहुतेक मल्टिक्युझिन हॉटेलांत भाज्यांच्या ग्रेव्ह्या सकाळीच तयार होतात: लाल, पिवळी, पांढरी. तिखट-मीठ त्यात आधीच पडलेलं असतं. तुम्ही ‘कमी तिखट करा’ म्हटलं की आचारी तीच ग्रेव्ही घेऊन वरून क्रीम, दूध किंवा साखर घालतो. तिखट दबतं, पण मीठ तितकंच राहतं, तेलही तितकंच. पांढरी ग्रेव्ही सौम्य म्हणून मागवायची सवय अनेकांना आहे. तिच्यात काजू आणि मगज (टरबूज-खरबुजाच्या सोललेल्या बिया) असतात, तेव्हा घरी काजू देऊन झालेले नसतील तर पहिली चाचणी हॉटेलात नको. १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसभराचं मीठ साधारण २ ग्रॅमच्या आत पुरे, म्हणजे छोटा चमचा अर्धासुद्धा नाही. पनीर बटर मसाल्याच्या चार घासांना हरकत नाही, पण तेच तिचं जेवण होऊ देऊ नका.

मग मागवायचं काय? जे ऑर्डर आल्यावरच बनतं, किंवा ज्यातला तिखट भाग शेवटी पडतो. डाळ फ्राय बनवताना नुसती शिजलेली डाळ भांड्यात तयार असते आणि फोडणी शेवटी बसते. म्हणून ‘कमी तिखट डाळ’ न म्हणता ‘फोडणी न घालता एक वाटी डाळ, मीठ अगदी कमी’ असं सांगा. वेटरला कळलं नाही तर कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या वरच्या माणसाला बोलवा. सोबत साधा भात, तूप असेल तर तूप. खिचडी मागवताना विचारून घ्या, कारण हॉटेलची खिचडी बऱ्याचदा मसाला खिचडीच असते आणि लाल मिरचीची फोडणी वर तरंगत येते. पोळी मागायची तर तवा फुलका मागा. तंदुरी रोटी ५ मिनिटांत वातड होते, आणि मैद्याचा नान चावायला या वयाला दाढा पुरत नाहीत. (तुम्ही बाहेरून आलात म्हणून सांगतो: इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ‘डाळीवर सांबार टाकू का?’ असं विचारलं तर गोंधळू नका.)

सगळ्यात निर्धास्त पर्याय साउथ इंडियनचा. इडली तयार असते, पाचेक मिनिटांत येते. फक्त ती आतून फार गरम असते. बाहेरून कोमट लागते म्हणून तसाच घास भरवला की टाळू भाजतो. आधी चार तुकडे करून वाफ जाऊ द्या. साधा डोसा सांगताना ‘मऊ, जाडसर, बटर नको’ म्हणा, कारण पेपर डोशाचे आणि पापडाचे तुकडे टोकदार असतात. नारळाची चटणी उन्हाळ्यात दुपारनंतर नकोच. ती लवकर आंबते. दहीभात उत्तम, पण मोहरी-मिरचीच्या फोडणीशिवाय. स्वीट कॉर्न सूप मात्र जपून. कॉर्नफ्लोअरमुळे ते दाट असतं, साय धरतं आणि आत बराच वेळ कढत राहतं. वर मीठही बऱ्यापैकी. नूडल्स सोया सॉसमुळे खारट. किड्स मेनू छापलेला दिसला तर एकदा वाचून बघा: फ्राइज, नगेट्स, चीज पास्ता. लेकराचं नाव लावलेला खारट-तळकट नाश्ता, दुसरं काही नाही.

सावजीबद्दल विचाराल म्हणून. नागपुरात राहून सावजी खायचं नाही असं कुणी सांगणार नाही, पण दीड वर्षाच्या मुलीसोबत तिथं बसू नका. सावजीचा रस्सा भाजून वाटलेल्या मसाल्यात आणि भरपूर तेलात शिजतो. मसाला त्याच्या पोटातच आहे, वरून कमी करायला काही उरत नाही. तिच्या वाट्याला कोरडी पोळी आणि साधा भात येतो, आणि मसाल्याच्या धुरानं डोळे चुरचुरतात ते वेगळंच. पार्सल आणा, ती झोपल्यावर खा. तर्री पोह्यांतले पोहे तेवढे चालतील, तेही तर्री (वरून ओततात तो तिखट रस्सा) पडण्याआधी वेगळे काढलेले. तर्रीतला अख्खा चना आणि पोह्यातले शेंगदाणे घशात अडकणारे जिन्नस आहेत; अख्खे दाणे ५ वर्षांपर्यंत देऊच नयेत.

आता फोन. जायच्या आधी फोन करून ‘हायचेअर आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येणारच. प्रश्न बदला. ‘किती आहेत, आणि त्यांना पट्टे आहेत का?’ एकच असेल आणि तीन कुटुंबं असतील तर ती तुम्हाला मिळत नाही. मग: ‘आज हॉल बुक आहे का?’ म्हणजे वाढदिवसाची पार्टी, माइक, डीजे. ‘बार आणि फॅमिली सेक्शनचा दरवाजा एकच आहे का?’ सदर भागातल्या आणि वर्धा रोडकडच्या ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ जागांत हा प्रश्न हवाच. कुठं मजलाच वेगळा असतो, कुठं मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन. ‘लिफ्ट आहे का?’ आणि शेवटचा, सगळ्यात कामाचा: ‘७ वाजता आलो तर भात आणि डाळ लगेच मिळेल का?’ बऱ्याच किचनचं रात्रीचं काम ७ ला सुरू होतं, तंदूर तापायचा असतो. ‘साडेसातनंतर’ असं प्रामाणिक उत्तर देणारं हॉटेल मला जास्त भरवशाचं वाटतं. लग्नसराईत शेजारी मंगल कार्यालय किंवा लॉन आहे का हेही मॅपवर बघून ठेवा.

वेळेचं गणित सोपं आहे: दुपारी १२ ते साडेबारा, रात्री ७ ते साडेसात. शनिवार-रविवारी साडेआठनंतर धरमपेठ-गोकुळपेठेत टेबलासाठी उभं राहावं लागतं, आणि उभं राहण्यातच लेकराची अर्धी सहनशक्ती जाते. तिला संध्याकाळी धरमपेठेतल्या ट्रॅफिक पार्कमध्ये पळवून आणून तिथून जवळच जेवायला बसलात तर दोन्ही कामं होतात. मुलाच्या झोपेच्या वेळी पोचणारं टेबल बुक करू नका, हे वेगळं सांगायला नको.

पोचल्यावर ऑर्डर देण्याआधी खुर्ची तपासा. हाताचा तळवा बसायच्या जागेवर दाबून चारही बाजूंनी हलवा. लाकडी हायचेअरचे स्क्रू सैल झालेले असतात आणि ती तिरकी डुलते. कमरेचा पट्टा आणि दोन पायांमधला पट्टा, दोन्ही हवेत. पायांमधला नसेल तर मूल खाली सरकतं आणि ट्रेच्या कडेला हनुवटी अडकते. बकल लावून एक झटका द्या. मागच्या मुलाच्या वरणाचा थर आत वाळलेला असला की ते अर्धंच लागतं. ट्रे खालून चाचपा, वरून पुसलेला असतो, खाली कुणी बघत नाही. एक ओला रुमाल घरून नेलात तर दोन मिनिटांत होतं. पट्टा नसेल तर खुर्ची परत करा. मांडीवर किंवा कोपऱ्यातल्या सोफ्यावर भिंतीच्या बाजूला बसवणं त्यापेक्षा बरं.

टेबल निवडताना किचनच्या दारापासूनची वाट टाळा. वेटर गरम ताटं आणि सिझलर घेऊन तिथूनच वळतात, आणि लेकराचा हात नेमका त्या उंचीला असतो. टेबलक्लॉथ असेल तर काढायला सांगा. तिनं तो ओढला की चहा अंगावर येतो, आणि चहा ओतून पाव तास झाला तरी या कातडीला भाजण्याइतका गरम असतो. बुफेच्या भांड्यांखाली जळणारे दिवे, टेबलातच शेगडी असलेली ग्रिल हॉटेलं, ही दोन्ही तीन-चार वर्षं थांबू शकतात.

आणि कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा लॉनवर, गच्चीवर, ढाब्यांवर मोठे डेझर्ट कूलर जमिनीवर किंवा बुटक्या स्टँडवर लावलेले असतात. जाळीतून लेकराचं बोट सहज आत जातं. पत्र्याचा डबा, पाणी, पंपाची मोटर आणि ओढून आणलेली वायर एकत्र म्हणजे शॉक लागण्याची पूर्ण तयारी. ओल्या हाताचं मूल त्याला टेकलं तर खेळ संपला. निदान ६ फूट लांब बसा, आणि हवेचा झोत तिच्या तोंडावर येणार नाही असं बघा. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तर बंद एसी हॉलच बरा. लॉनवरच्या प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर दुपारभर ऊन पडलेलं असतं, तिला आधी स्वतः हात लावा. प्ले एरियात आठ-दहा वर्षांची मुलं धावत असतील तर दीड वर्षाचीला खाली सोडूच नका. डिसेंबर-जानेवारीत उलटं: रूफटॉप रात्री बोचरी थंड, तिथं दुपारीच जा.

डायपर बदलायची जागा फारच कमी ठिकाणी आहे. मॉलमधल्या आणि मोठ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमध्ये ती मिळायची शक्यता जास्त. बाकी ठिकाणी गाडीची मागची सीट आणि एक जाड चादर. फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर काउंटरजवळ किंवा बिलावर असतो, बघून घ्या. पण टॉयलेट स्वच्छ आहे की नाही यावरून किचनचा अंदाज जास्त बरोबर येतो. पाणी घरचं न्या. बर्फ, कापलेलं सॅलड, रायता तिला नको.

ऑर्डर देताना दोन ऑर्डरी करा. ‘बाळाचं आधी आणा, आमचं १० मिनिटांनी, आणि तिचा केओटी वेगळा फाडा.’ केओटी म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी. ती एकच फाडली की किचन सगळं सोबत काढतं, आणि तुमची तंदुरी होईपर्यंत तिचा भात तिथंच निवत पडतो. वेगळी फाडली तर तिचं ७-८ मिनिटांत येतं, निवायला ५ मिनिटं मिळतात, आणि तुमचं ताट येईपर्यंत तिचं निम्मं पोट भरलेलं असतं. चमचा घरचा छोटा न्या, हॉटेलचा टेबलस्पून तिच्या तोंडात मावत नाही. जेवण अर्ध्यावर असतानाच बिल मागवा, यूपीआयनं लगेच चुकतं करा, म्हणजे रडारड झाली तर उठता येतं. बिलाच्या ताटलीत बडीशेप, खडीसाखर, कधी सुपारीचे तुकडे येतात. लेकरू पाहिलं की वेटर प्रेमानं तीच वाटी तिच्या पुढ्यात सरकवतो. ती त्याच्या हातातूनच परत पाठवा.