द्राक्षांचा कंटेनर आणि आईचा फोन एकाच वाटेवर

तुम्ही विचारलंय : मी नाशिकचा आहे, आखातात नोकरी मिळतेय, तिथे राहिल्यावर तंत्रज्ञान, इंटरनेट आणि जगाचं राजकारण यांकडे बघायची नजर खरंच बदलते का, की हे सगळं टीव्हीवरच्या चर्चेपुरतंच असतं?

माझी तरी बदलली. मी मूळचा निफाड तालुक्यातला, शिकलो नाशकात. 2018 पासून शारजात राहतो आणि दुबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्कचं काम करतो. थोरला भाऊ गावी द्राक्षबाग बघतो, ताई सुरगाणा तालुक्यात शिक्षिका आहे, आई दोघांकडे आलटून पालटून असते. जगाचं राजकारण मला या तिघांच्या फोनवरून कळलं, म्हणून त्यांच्याच गोष्टी सांगतो.

जून 2018 मध्ये मी शारजात उतरलो, तेव्हा नाशकात स्वस्त डेटा येऊन दोन वर्षं होत आली होती. आईला व्हिडिओ कॉलची चांगलीच सवय लागली होती. मी पोचल्या दिवशी तिचा कॉल आला. मी उचलला, आणि दोघांच्या पडद्यावर नुसतं 'कनेक्टिंग'. अमिरातीत परवाना नसलेल्या ॲपवरून इंटरनेट कॉल चालत नाहीत. व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, फोटो जातो, पण बोलता येत नाही. मी तिला मेसेज करून कळवलं, पण तिला ते पटेना. पुढचे आठ दिवस ती संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की कॉल लावायची आणि त्या 'कनेक्टिंग'शी बोलायची. हे मला दादाने नंतर सांगितलं. "त्याला ऐकू जात असंल, त्याचंच आपल्याला येत नसंल," असं तिचं म्हणणं.

मग मी परवाना असलेल्या ॲपचं पॅकेज घेतलं, महिन्याला 50 दिरहॅम. तेव्हाचे साधारण 900 रुपये. मला ते परवडत होतं. पण माझ्या ओळखीचे येवल्याचे आणि मालेगावचे बांधकामावरचे लोक हजार-बाराशे दिरहॅम पगारावर होते, त्यातले 50 दिरहॅम लेकराचा चेहरा बघायला द्यायचे हे मला आजही पटत नाही. तिथला फायबर उत्तम आहे आणि सरकारी कामं फोनवर मिनिटांत होतात, हेही तितकंच खरं. तारेत काहीच खोट नव्हती. 2020 मध्ये कोरोनात शाळा आणि ऑफिसं घरून चालवायची वेळ आली तेव्हा झूम आणि टीम्स तात्पुरते खुले झाले, आणि त्याच तारेतून, त्याच वेगाने कॉल सुरळीत चालले. अडवत होता तो नियम. नेटवर्कचं शिक्षण घेतलेल्या मला हे इतकी वर्षं कुणी शिकवलं नव्हतं.

आपल्याकडे वेगळं आहे, आणि ते आपोआप झालेलं नाही. 2015 मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'ने इंटरनेट सेवांच्या नियमांवर मतं मागवली तेव्हा देशभरातून 10 लाखांवर ईमेल गेले. त्यातला एक मी कॉलेज रोडवरच्या खोलीतून पाठवला होता. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने नियम केला की, ठरावीक वेबसाइटसाठी वेगळा दर लावता येणार नाही. पण आपण फार छाती फुगवावी अशीही स्थिती नाही. काश्मीरमध्ये ऑगस्ट 2019 मध्ये गेलेलं 4जी परत यायला फेब्रुवारी 2021 उजाडला. मधे 10 जानेवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं होतं की, बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. कुणी आणि का तोडलं ते कळलं, तर माणूस दाद मागू शकतो.

आता समुद्राकडे येतो, कारण खरी नजर तिथे बदलली.

इंटरनेट टॉवरवरून किंवा उपग्रहावरून येतं असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. खंडाखंडांमधली 95 टक्क्यांहून जास्त वाहतूक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलांमधून होते. खोल समुद्रात ही केबल बागेत पाणी घालायच्या नळीएवढी जाड असते, आणि आत केसासारखे काचेचे धागे. जगात दरवर्षी दीडशे-दोनशे वेळा या केबलांत बिघाड होतो, बहुतेक वेळा जहाजाच्या नांगराने किंवा मासेमारीच्या जाळ्याने. 30 जानेवारी 2008 ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. सायबर कॅफेत एक पान उघडायला पाच मिनिटं लागत होती आणि कॅफेवाले काका राउटर बंद-चालू करून थकले होते. दोन दिवसांनी दुबईजवळ आणखी एक तुटली, तिथे 5-6 टनांचा टाकून दिलेला नांगर सापडला. आपल्याकडून युरोपकडे जाणाऱ्या बहुतेक केबली तांबड्या समुद्रातून जातात. त्याच्या दक्षिण टोकाला बाब-अल-मंदेब ही सामुद्रधुनी आहे. अरबीत या नावाचा अर्थ अश्रूंचं द्वार. रुंदी जेमतेम 30 किलोमीटर, म्हणजे नाशिकहून त्र्यंबकला जाण्याएवढी.

आमच्या गावची द्राक्षंही याच दारातून युरोपला जातात.

19 नोव्हेंबर 2023 ला, गाझाच्या युद्धावरून इस्रायलविरोधात उतरलेल्या येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरने उतरून 'गॅलेक्सी लीडर' जहाज ताब्यात घेतलं. त्यानंतर मोठ्या जहाज कंपन्यांनी तांबडा समुद्र सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. फेब्रुवारी 2024 मध्ये दादाच्या बागेचा माल एका निर्यातदाराकडून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराला निघाला होता. ऑक्टोबर छाटणीपासून जपलेली थॉमसन जातीची द्राक्षं, रेसिड्यूचा म्हणजे औषधांच्या अंशांचा रिपोर्ट स्वच्छ, निर्यातीसाठीच्या ग्रेपनेटवर बागेची नोंद, सगळं जागेवर. न्हावा-शेव्याहून कंटेनर निघाला आणि केप ऑफ गुड होपच्या वाटेला लागला. पंधरवड्याच्या आसपास प्रवास वाढला. द्राक्ष शून्य अंशाजवळ टिकतं, पण कायमचं नाही. देठ तपकिरी पडायला लागतो, मणी सुटतात, पेटीतल्या सल्फरच्या पॅडचा जोर ओसरतो. पुढच्या खेपेला निर्यातदाराने भाडं वाढल्याचं सांगून किलोमागे भाव कमी केला, आणि दादाला तो घ्यावा लागला.

मी त्याच्या फोनवर जहाजाचा माग दाखवणारं ॲप टाकून दिलं होतं. रात्री पाणी सोडायला गेला की तो बांधावर बसून आफ्रिकेच्या कडेने सरकणारा तो बाण बघायचा. सातवी शिकलेला माझा भाऊ मला फोनवर विचारायचा, "आज केपटाऊन ओलांडलं का रे?" एकदा मी त्याला तांबड्या समुद्रातली जहाजं उघडून दाखवली. हल्ला होऊ नये म्हणून काहींनी बंदराच्या नावाच्या रकान्यात 'सगळे खलाशी चिनी', 'इस्रायलशी संबंध नाही' असं लिहून प्रसारित केलं होतं. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे तर पार पाया पडल्यासारखं झालं."

त्याच महिन्यात, 18 फेब्रुवारीला, 'रुबीमार' या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. त्याच्या पोटात 20 हजार टनांहून जास्त खत होतं. खलाशी उतरून गेले, जहाज नांगर ओढत वाहत राहिलं आणि 2 मार्चला बुडालं. त्याच सुमारास तांबड्या समुद्रातल्या तीन केबली तुटल्या, त्या बहुधा त्याच्याच नांगराने. दुरुस्तीला महिने लागले. समुद्राखाली तार जोडणं अवघड असतंच, पण जहाज नेऊन आकडा टाकून केबल वर काढायची तर आधी परवानगी हवी, आणि येमेनमध्ये सत्ता दोघांची, हुथींची आणि सरकारची. परवानगी नेमकी कुणाची घ्यायची? आमच्या डेटा सेंटरमध्ये त्या दिवसांत हाच विषय होता, आणि मला एकाच युद्धाची दोन बिलं दिसत होती. एक माझ्या टेबलावर, एक दादाच्या पॅकहाऊसमध्ये.

2025 च्या गणपतीत पुन्हा तेच. 6 सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. आई मला वाकडी बारवेवरून निघालेली मिरवणूक दाखवत होती, ढोल सुरू होते, आणि चित्र अडकलं. भाच्याने झांज वर उचललेली, तशीच थांबली. मला वाटलं गर्दीमुळे तिकडची रेंज गेली असेल. मग कामावरून मेसेज यायला लागले. सौदीतल्या जेद्दाजवळ केबली तुटल्या होत्या, त्यात आपल्या मुंबईला येणाऱ्या दोन. युरोपकडून एरवी सव्वाशे मिलिसेकंदांत येणारं उत्तर दुप्पट वेळ घेत होतं, उरलेल्या वाटांवर सगळ्यांची गर्दी. मी रात्रभर कामावर होतो. विसर्जन झालं ते मला दुसऱ्या दिवशी फोटोतूनच दिसलं.

म्हणून माझं मत आता असं आहे : डेटा किती स्वस्त, यावर आपण जेवढं बोलतो, तेवढंच तो कुठून येतो यावरही बोलायला हवं. आपल्या समुद्रात केबल तुटली तर दुरुस्तीला आपण परदेशी जहाजांवर अवलंबून असतो. आपली जहाजं असावीत अशी ट्रायने 2023 मध्ये शिफारस करूनही. कांदा निर्यातबंदीवर लासलगाव पेटून उठतं, कारण ते डोळ्यांनी दिसतं. केबल दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी रस्त्यावर येत नाही. उपग्रहाचं इंटरनेट उपयोगी पडेल, डोंगराळ भागात तर नक्कीच. पण त्याची किल्ली एका खासगी कंपनीच्या हातात असते. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धात क्रिमियाजवळ स्टारलिंक या आपल्या कंपनीची उपग्रह सेवा सुरू करायला एलॉन मस्क यांनी नकार दिला, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. एका माणसाच्या होकारावर देशाची यंत्रणा टांगलेली असू नये.

आणि या सगळ्यात ताईचं गाव कुठेच येत नाही. कोरोनात तिची मुलं टेकडीवर चढून रेंज शोधायची. चौथीतली एक पोर फोन आंब्याच्या फांदीला बांधून ऐकायची. आजही तिकडे रेशनच्या मशीनवर अंगठा लागतो तो रेंज आली तर. बायका सकाळपासून बसून असतात आणि कधी कधी दुपारी उठून तशाच घरी जातात. मुंबईच्या किनाऱ्यावर जगभरच्या केबली येतात, आणि तिथून काही तासांवरच्या सुरगाण्यात धान्यासाठी रेंजची वाट बघावी लागते. तांबड्या समुद्रावर आपलं काही चालत नाही. इथे चालतं, म्हणून मला याचा जास्त राग येतो.

तुम्ही जा. काम चांगलं आहे, शिकायला मिळेल. निघण्याआधी तिथे चालणारं ॲप आईच्या फोनमध्ये टाका, दुसऱ्या खोलीतून दोन-तीनदा कॉल लावा आणि तिला उचलायला शिकवा. ते झाल्यावरच बॅग भरा.