सहा फेकी झाल्या, तरी सहा पडेना

प्रश्न : लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. एका फेकीत सहा पडण्याची संभाव्यता १/६. म्हणजे सहा फेकींत ६ × १/६ = १, सहा पडायलाच हवा. तरी पडत नाही. चूक कुठे होते?

उत्तर : बेरजेत. दोनच फेकी घेऊन बघा. एकूण जोड्या ३६. पहिल्या फेकीत सहा असलेल्या ६, दुसऱ्या फेकीत सहा असलेल्या ६, झाल्या १२. पण (६, ६) ही जोडी दोन्हीकडे मोजली गेली. खऱ्या जोड्या ११ च. दोन घटना एकदम घडूच शकत नसतील, तरच संभाव्यता नुसत्या मिळवायच्या.

‘एकदा तरी’ असं विचारलं की उलट्या बाजूने जा. एका फेकीत सहा न पडण्याची संभाव्यता ५/६. फेकी एकमेकींपासून स्वतंत्र, म्हणून गुणाकार : सहा फेकींत एकदाही सहा न येणं (५/६)^६, सुमारे ०.३३५. ते १ मधून वजा केलं की ०.६६५. खात्री ९० टक्क्यांवर न्यायची तर १३ फेकी लागतात. तुमचा १ मात्र अगदीच टाकाऊ नाही. सहा फेकींत सरासरी किती सहा पडतील, त्याचं ते उत्तर आहे. कधी दोन-तीन पडतात, कधी एकही नाही.

फ्रेंच गणिती पास्कालने १६५४ साली दुसरा गणिती फर्मा याला लिहिलेल्या पत्रात द मेरे या जुगाराच्या शौकीन सरदाराची हीच अडचण आहे. एका फाशाच्या ४ फेकींत सहा पडण्याची बाजू वरचढ (५१.८%), मग दोन फाशांच्या २४ फेकींत सहा-सहाची जोडी पडण्याची का नाही? एका फाशाच्या ६ शक्यतांना ४ फेकी, तशा जोडीच्या ३६ शक्यतांना २४, हे त्रैराशिक बरोबर. पण संभाव्यता त्रैराशिकाने चालत नाही. २४ फेकींना ४९.१%, पंचविसावी घेतली की ५०.६%.

प्रश्न : दहा फेकींत सहा आला नाही, तर अकराव्या फेकीला शक्यता वाढते का?

उत्तर : नाही, तीच १/६. सलग अकरा फेकी कोरड्या जाण्याची शक्यता सुमारे १३.५% असते, पण ती खेळ सुरू होण्याआधीची. दहा फेकी होऊन गेल्यावर त्यांचा हिशेब संपला. फाशाचाच संशय असेल तर ६० फेकींवरून निकाल लावू नका : १० अपेक्षित असताना ६ किंवा १४ पडणं नेहमीचंच. ६०० फेकी नोंदवा. सहा ७५ पेक्षा कमी किंवा १२५ पेक्षा जास्त वेळा पडला, तर फाशाचे कोपरे झिजलेत का ते बघा.